सांगून झाले म्हणजे सुटका झाली काय?

नदीस पूर आला असता नाव लोटू नये असे नावाड्याने सांगितले; मंडळी घाईत होती, त्यांनी ऐकले नाही; नाव गेली ती पैलतीरास लागलीच नाही. अशा प्रसंगी गावात दोन तऱ्हेची बोलणी ऐकू येतात. कोणी म्हणतात, त्याने बापड्याने सांगितले होते, आता त्याचा काय दोष? दुसरे म्हणतात, सांगितले खरे. पण नावेचा दोर धरून आडवा का पडला नाही? आणि नावाडी स्वतः रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या काय म्हणत असेल, हे कोणी विचारीत नाही. आम्हांस हा जुना प्रश्न पुन्हा विचारावासा वाटला, तो बॉब एबलिंग नावाच्या एका अमेरिकन इंजिनियराच्या हकीकतीवरून. त्याने तो प्रश्न स्वतःस तीस वर्षे विचारला.

एबलिंग हा अमेरिकेतील युटा राज्यात मॉर्टन थायोकॉल ह्या कंपनीत नोकरीस होता. मनुष्यांस अंतराळात नेणारे जे शटल नावाचे यान असे, त्याच्या दोन बाजूंचे मोठे अग्निबाण ही कंपनी तयार करी. ते एकसंध नसत. त्यांचे खंड करून आगगाडीने फ्लोरिडास पाठवीत, आणि तेथे ते एकावर एक बसवून जोडीत. जोडातून आतील जळता वायू बाहेर येऊ नये म्हणून प्रत्येक सांध्यात रबराची दोन कडी असत. कडे सुमारे ७ मिलिमीटर जाड, आणि त्याचा घेर अकरा मीटरांहून अधिक. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या विहिरीवर पंप आहे त्यांस वायसर म्हणजे काय हे सांगावयास नको. हे कडे म्हणजे तशाच जातीची वस्तू. मात्र पंपाचा वायसर गेला तर चिखल होतो, येथे तो गेला तर माणसे जातात. अग्निबाण पेटताच आतील दाबाने सांधा किंचित उघडतो, आणि त्याच क्षणी रबराने फुगून ती फट भरली पाहिजे. रबर उबदार असेल तर ते चटकन उसळते. गारठले तर सुस्त होते. एवढीच ती गोष्ट. शाळेतील मुलासही समजेल अशी.

१९८५ सालच्या जानेवारीत एक उड्डाण थंडीत झाले. परत आणलेले अग्निबाण रॉजर बॉइसजॉली ह्या इंजिनियराने तपासले, तेव्हा दोन कड्यांमधील वंगण काळे पडलेले त्यास आढळले. म्हणजे वायू पहिले कडे ओलांडून गेला होता. त्याच वर्षी ३१ जुलै रोजी त्याने आपल्या वरिष्ठांस लेखी कळविले की, ह्या सांध्याचा बंदोबस्त न झाल्यास मनुष्यहानी होईल. पुढे ऑक्टोबरात एबलिंगनेही एक टिपण पाठविले. त्याचा आरंभच 'मदत!' ह्या शब्दाने होता. कचेरीच्या कागदावर असा शब्द लिहिण्यास मनुष्य किती टेकीस आला असला पाहिजे, ह्याची कल्पना नोकरी केलेल्यांस सहज येईल.

२७ जानेवारी १९८६ च्या दुपारी एबलिंगला कळले की, दुसऱ्या दिवशी सकाळी चॅलेंजर यान उडावयाचे आहे आणि फ्लोरिडात त्या रात्री पाणी गोठण्याइतकी थंडी पडणार आहे. त्याने धावपळ करून सर्वांस सावध केले. रात्री दूरध्वनीवरून युटा, अलाबामा व फ्लोरिडा येथील मंडळींची सभा भरली. इंजिनियरांनी सांगितले की, १२ अंश सेल्सियसच्या खाली उडवू नये, कारण त्याहून थंड हवेचा आम्हांस अनुभव नाही. नासाचे अधिकारी नाराज झाले. मग उड्डाण काय एप्रिलात करावयाचे, असेही एकाने विचारले. कंपनीने आपसात विचार करण्यास थोडा अवकाश मागितला. त्या अर्ध्या तासात बॉइसजॉली व त्याचा एक सोबती नकाशे व छायाचित्रे पुढे मांडून विनवीत राहिले. परंतु अखेर मत घेतले ते चार व्यवस्थापकांचेच. त्यांपैकी एकजण इंजिनियर खात्याचा प्रमुख होता. त्यास सांगण्यात आले की, इंजिनियराची टोपी उतरवून व्यवस्थापकाची टोपी घाल. (टोपी घालण्याचा आमच्या भाषेत एक निराळाच अर्थ आहे, तो येथे मनात आल्यावाचून राहत नाही.) त्याने टोपी बदलली आणि परवानगी गेली. फ्लोरिडात कंपनीचा मुख्य माणूस ॲलन मॅकडोनल्ड ह्याने तीवर सही करण्याचे साफ नाकारले; तेव्हा ती युटातून दुसऱ्याने करून पाठविली.

न्यायाने बोलावयाचे तर नासाच्या अधिकाऱ्यांची बाजू अगदीच पोकळ नव्हती. उबदार हवेतील एका उड्डाणातही वायू सुटल्याची खूण सापडली होती, आणि थंडी हेच कारण असे अंकगणिताप्रमाणे सिद्ध करणे इंजिनियरांस त्या रात्री साधले नाही. परंतु मेख येथेच आहे. एरवी कंपनीस सिद्ध करावे लागे की यान सुरक्षित आहे. त्या रात्री प्रथमच तिला सिद्ध करावयास सांगण्यात आले की ते सुरक्षित नाही. पुरावा कोणी द्यावयाचा, हा शब्दच्छल नव्हे. पूल मजबूत आहे हे बांधणाराने दाखवावयाचे, की तो पडेल हे वाटसरूने दाखवावयाचे? आमच्या मते, जेथे दुसऱ्याच्या प्राणाची जोखीम घ्यावयाची तेथे शंकेचा फायदा नेहमी प्राणाच्या पारड्यात पडला पाहिजे.

त्या रात्री एबलिंग घरी येऊन पत्नीस म्हणाला की, यान फुटणार. सकाळी फ्लोरिडातील मंचावर बर्फाचे लोलक लोंबत होते. उड्डाणाच्या वेळी हवा सुमारे २ अंश होती. इंजिनियरांची धास्ती अशी की, पेटताक्षणीच स्फोट होईल. तसे झाले नाही. यान वर गेले. बॉइसजॉलीने पुढे लिहून ठेविले आहे की, एका मिनिटाच्या सुमारास एबलिंगने त्याच्या कानाशी लागून सांगितले, 'मी आत्ताच देवाची उपकारस्तुती केली.' त्यानंतर तेरा सेकंद गेले. ७३ व्या सेकंदास यान आकाशात फुटले, आणि आतील सातही जणांचा अंत झाला. त्यांत क्रिस्टा मॅकॉलिफ ही शाळामास्तरीण होती. तिच्यामुळे किती शाळांतील मुले ते दृश्य पाहत बसली होती.

पुढे मॅकडोनल्डने चौकशी आयोगापुढे उभे राहून सत्य सांगितले. त्याबद्दल कंपनीने त्यास बाजूस सारले. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात ओरड झाल्यावर परत घेतले, आणि सांधा नव्याने तयार करण्याचे काम त्याच्याकडेच आले. त्या सांध्यात तिसरे कडे घातले, ऊब देण्याची सोय केली, आणि १९८८ च्या सप्टेंबरात शटल पुन्हा उडाले. बॉइसजॉलीस सोबत्यांचा दुरावा सोसवेना. त्याने नोकरी सोडली व गावोगाव इंजिनियरांस नीतीवर व्याख्याने दिली. एबलिंगनेही लवकरच निवृत्ती घेतली. जवळच बेअर नदीकाठी पक्ष्यांचे एक अभयारण्य पुराने उद्ध्वस्त झाले होते, ते सावरण्यासाठी तो वर्षानुवर्षे बिनपगारी खपला. परंतु मनाची टोचणी गेली नाही. २०१६ च्या जानेवारीत, नव्वदीस टेकलेला असता, त्याने रेडिओच्या बातमीदारास सांगितले की, ह्या कामासाठी माझी निवड करण्यात देवाची चूक झाली. भेट होईल तेव्हा विचारीन की मलाच का निवडलेस.

आता त्यास दोषी म्हणावे काय? आम्ही म्हणत नाही. परंतु, 'तू तुझे कर्तव्य केलेस, आता स्वस्थ झोप,' असे जे सहजी म्हणतात त्यांच्याशीही आमचे जमत नाही. त्याने सांगितले ते कोणास? वरच्यांस. वरच्यांनी सांगितले त्यांच्या वरच्यांस, आणि तेही काही पायऱ्यांपर्यंतच; नासाच्या सर्वांत वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत त्या रात्रीचा वाद पोहोचलाच नाही. आणि ज्यांचे प्राण त्या कड्यावर लटकत होते त्या सातांस कोणी एक शब्दही सांगितला नाही. यहेज्केलाच्या ग्रंथातील पहारेकरी कर्णा फुंकतो तो नगरातील सर्व लोकांस ऐकू जावा म्हणून. चावडीत जाऊन कारकुनाजवळ वर्दी देण्यासाठी नव्हे. एबलिंगच्या हाती तसा कर्णा नव्हता. सातांपर्यंत जाण्याची वाट त्याच्या नोकरीत कोणी ठेविलीच नव्हती, आणि हा दोष त्याचा नव्हे, ती रचना करणाऱ्यांचा. चौकशी आयोगासही हे उमगले असावे; कारण अंतराळवीरांस कारभारात स्थान द्यावे आणि उड्डाणापूर्वीच्या अखेरच्या तपासणीस नायकाने हजर असावे, अशी शिफारस त्याने केली.

तथापि सवय लवकर सुटत नाही. २००३ च्या जानेवारीत कोलंबिया यान उडताना टाकीवरील फेसाचा तुकडा डाव्या पंखावर आपटला. कित्येक इंजिनियरांनी पंखाचे छायाचित्र दुरून घेववावे अशी मागणी केली; ती वरच्यांनी पुढे जाऊ दिली नाही. १ फेब्रुवारी रोजी परतीच्या वाटेवर यान मोडले, आणि आमच्या कर्नालची कल्पना चावला व तिचे सहा सोबती गेले.

एबलिंगची ती मुलाखत ऐकून शेकडो लोकांनी त्यास पत्रे लिहिली. तरी त्याचे समाधान होईना. त्यास हवा होता त्या रात्रीच्या सभेतील मंडळींचा शब्द. मग मॅकडोनल्डने दूरध्वनी करून सांगितले की, हरलेला तो, ज्यास काही करण्याची संधी असून जो करीत नाही व ज्यास त्याची पर्वाही नसते. तू तसा नाहीस. टोपी बदलणारा तो प्रमुखही बोलला. आणि त्या रात्री उड्डाण लांबविण्याच्या सल्ल्याने जो चकित झाला होता त्या नासाच्या अधिकाऱ्याने पत्र लिहिले की, तुझ्याकडून जे अपेक्षित होते ते सर्व तू केलेस. निर्णय पुष्कळांचा होता, एकट्याचा नव्हे. हे ऐकल्यावर म्हाताऱ्याने बातमीदारास कळविले की, आता माझे चिंताग्रस्त मन हलके झाले. त्याच वर्षी मार्च महिन्यात, वयाच्या ८९ व्या वर्षी, तो वारला.