चिकाटी : नावे आणि जमा

मुलांच्या पुस्तकातला खेळाडू फार सोयीचा असतो. पहिल्या पानावर तो धावताना पडतो, आठव्यावर रडतो, बाराव्यावर 'प्रयत्न सोडायचे नाहीत' असं कुणीतरी सांगतं आणि सोळाव्या पानावर त्याच्या हातात करंडक! सोळा पानांत चिकाटी व्याजासकट परत. इतक्या कमी मुदतीची ठेव आमच्या बँकेत तरी नाही. म्हणूनच माझ्यासारख्या बी.कॉम. कारकुनाला शंका येते, की पोरांना चिकाटी शिकवताना आपण सद्गुण शिकवतो की योजना विकतो? करंडक एक आणि धावणारी पोरं पन्नास. उरलेल्या एकोणपन्नासांची चिकाटी काय बुडीत खात्यात टाकायची?

असं पुस्तक आमच्या धाराशिवात लिहायचं म्हटलं तर नायिका तयार आहे. खो-खोपटू सारिका काळे. 2016 साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघाची ही कर्णधार. 2020 साली तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोच्या वाट्याला तो 22 वर्षांनी आला. म्हणजे सोळावं पान झकास!

पण मधली पानं? जवळजवळ दहा वर्षं आपण एक वेळ जेवून काढली, असं तिनेच सांगितलं आहे. आई शिवणकाम करायची. 2016 सालीच घरची ओढाताण अशी झाली, की खेळ सोडायचं तिने ठरवलं होतं. प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांनी समजूत घातली, तेव्हा ती मैदानावर परतली.

ही हकिकत आमच्या काउंटरवर निघाली तेव्हा एक पेन्शनर काका म्हणाले, "बघा, माणूस घडतो तो उपाशीपोटीच!" काकांच्या तोंडात त्या वेळी कुंथलगिरीचा पेढा होता.

इथेच हिशेब चुकतो. उपास ही काही चिकाटी नव्हे. पोरगी उपाशी असताना धावली, ही चिकाटी. तिला उपाशी धावावं लागलं, ही आपल्या सगळ्यांकडची थकबाकी. आपण मात्र दोन्ही रकमा एकाच रकान्यात लिहितो. खर्च तिच्या नावे, कौतुक जिल्ह्याच्या जमेला! वर पुढच्या पोराला सांगायला मोकळे, "ती धावली ना? मग तुला काय धाड भरलीय?"

खो-खो हा खेळ मात्र हिशेबाला चोख. पाटीवर बसलेल्या आठांपैकी कुणालाच मनाला येईल तेव्हा उठता येत नाही. मागून खो मिळावा लागतो. धावायचं आपल्याच पायांनी, हे खरं; पण उठवतं दुसरं कुणीतरी. चिकाटीचंही तसंच असावं. मशीनवर वाकलेली आई, परत बोलावणारे सर, हे मागून मिळालेले खो. ज्यांना ते मिळालेच नाहीत त्यांना 'चिकाटी कमी' म्हणणं, म्हणजे खो न देताच फाऊल धरणं.

मग चिकाटी शिकवायचीच नाही का? शिकवावी की! पडल्यावर उठायची सवय लागली, की करंडक न मिळताही ती अंगात राहते. व्याज बुडालं तरी मुद्दल शाबूत. फक्त त्या पुस्तकाला एक सतरावं पान जोडा. त्यावर एवढंच लिहा, 'संध्याकाळी सगळी पोरं घरी आली. हरलेल्यांचंही ताट वाढून ठेवलं होतं.'