सूर्यास्तापूर्वीची मजुरी

बाहेरून आलेला कामगार सुरुवातीला स्थानिकांपेक्षा कमी कमावतो, पण दहा-पंधरा वर्षांत त्यांना गाठतो आणि पुढे मागेही टाकतो. अमेरिकेच्या १९७० च्या जनगणनेवरून अर्थतज्ज्ञ बॅरी चिझविक यांनी १९७८ साली हा निष्कर्ष मांडला. धीर धरा, काळच सगळं सारखं करील, असा दिलासा त्यातून अनेकांनी घेतला.

लहानपणी क्यूबातून अमेरिकेत आलेले अर्थतज्ज्ञ जॉर्ज बोर्हास यांनी १९८५ साली त्यातली अडचण दाखवली. एकाच जनगणनेत पन्नास साली आलेला आणि अडुसष्ट साली आलेला, अशी दोन वेगळी माणसं मोजली जातात. जुन्याची आजची कमाई हे नव्याचं भविष्य, असं धरता येत नाही. शिवाय ज्यांचं बस्तान बसलं नाही, त्यांतले बरेच मायदेशी परततात. मग उरलेल्यांची सरासरी आपोआप वर जाते.

पण कमाईतली ही दरी खरोखरच भरून निघाली, तर न्याय झाला का?

सगळ्यांचं मिळून सुख किती वाढलं एवढंच पाहणाऱ्या उपयुक्ततावादावर तत्त्वज्ञ जॉन रॉल्स यांचा आक्षेप होता की, तो माणसामाणसांतलं वेगळेपण मानत नाही; एकाचं नुकसान दुसऱ्याच्या लाभातून वळतं करतो. स्थलांतरितांच्या यशकथांत नेमकं हेच होतं. इंजिनिअर बाप टॅक्सी चालवतो, मुलगी मोठ्या पगारावर लागते आणि घराचा हिशेब जमेला येतो. बापाची वाया गेलेली वर्षं त्यात कुठेच धरलेली नसतात. त्याने ती लेकीसाठी आनंदाने सोसली असतील. म्हणून त्याला डावलणारे सुटत नाहीत.

बायबलच्या जुन्या करारातला 'अनुवाद' हा ग्रंथ इथे फार स्पष्ट आहे. गरीब मजूर आपला असो वा परका, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळण्याआधी द्यायची. पुढच्या पिढीचा वायदा तिथे चालत नाही.

आणि काळ तरी काय काय भरून काढणार? अर्थतज्ज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी कॅनडात टोरांटो परिसरातल्या मालकांकडे नोकरीचे हजारो बनावट अर्ज पाठवले. तो अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. शिक्षण आणि अनुभव दोन्ही कॅनडातले असूनही इंग्रजी नावांना भारतीय, पाकिस्तानी, चिनी नावांपेक्षा मुलाखतीची बोलावणी सुमारे ४० टक्के जास्त आली. नाव दहा वर्षांनीही तेच राहतं.

त्यामुळे वाट पाहण्यापेक्षा नियम बदलणं महत्त्वाचं. टोरांटो ज्या प्रांतात आहे, त्या ऑन्टॅरिओने २०२१ च्या कायद्याने इंजिनिअरिंगसारख्या व्यवसायांत परवान्यासाठी 'कॅनडातला अनुभव' मागायला बंदी केली. आरोग्यसेवेतले व्यवसाय मात्र त्यातून वगळले. ते वगळायला नको होते.