चिलखताच्या आतला घाम

वाशीम जिल्ह्यातल्या किन्हीराजाच्या आमच्या घराच्या ओसरीत एक खुंटी आहे. दोन-तीन वर्षांपासून तिला एक पांढरा पोशाख टांगलेला आहे. प्लास्टिकसारख्या कापडाचा अंगरखा, रबरी हातमोजे, चष्मा, नाकावरची पट्टी आणि टोपी. हे फवारणीचं सुरक्षा किट. त्याच्या घड्या अजून नीट मोडलेल्या नाहीत. पोळ्याला आलेला माझा भाचा त्याच ओसरीत बसून रफ वहीच्या मागच्या पानावर अंतराळातला सैनिक काढत होता. खांद्यावर जाड पत्रे, छातीवर दिवे, चेहरा पूर्ण झाकलेला, डोळ्यांच्या जागी काळी पट्टी. मी विचारलं, "याला आत उकडत नसेल का रे?" त्याने मान वर न करता सांगितलं, "मामा, आत एसी असते ना याच्या."

या उत्तरावर मी तेव्हापासून विचार करतो आहे. विज्ञानकथांनी सैनिकाच्या अंगावर आजवर जे जे चढवलं, त्यातली सर्वात धाडसी कल्पना मला हीच वाटते. तोफेचा गोळा परतवणारा पत्रा किंवा पाठीवरची उडायची यंत्रं तिच्यापुढे फिकी आहेत. माणूस पूर्ण बंद कवचात शिरतो, तासन् तास धावतो, लढतो आणि आत शिजत नाही. लेखक हे एका वाक्यात उरकतो, वाचक ते एका क्षणात मान्य करतो, आणि गोष्ट पुढे जाते.

शरीराचं गणित मात्र तितकं सोपं नाही. स्वस्थ बसलेला माणूस साधारण १०० वॅटच्या दिव्याइतकी उष्णता सतत बाहेर टाकत असतो. अंगमेहनत सुरू झाली की ती चार-पाच पट होते. ही उष्णता घालवायला शरीराकडे मुख्य साधन एकच, घाम. तोही नुसता येऊन भागत नाही, उडून जावा लागतो. बंद कापडाच्या आत तो उडत नाही, अंगावरून फक्त वाहत राहतो. म्हणून कवच जितकं पक्कं, तितका आतला माणूस लवकर थकतो. बाहेरच्या शत्रूला अडवणारी भिंत आतली उष्णताही कोंडून ठेवते.

रॉबर्ट हाइनलाइन यांची 'स्टारशिप ट्रूपर्स' ही कादंबरी १९५९ साली आली आणि यांत्रिक चिलखताची कल्पना तिथून घराघरांत पोचली. त्यांच्या सैनिकाला चिलखत 'चालवावं' लागत नाही. आतले संवेदक अंगाचा दाब ओळखतात, माणूस हात उचलतो तसा पोलादी हात उचलला जातो. चिलखत हे वाहन नाही, कपडा आहे, ही त्यांची पकड मला फार मोलाची वाटते. कपड्याची पहिली अट अशी की घातल्यावर त्याचा विसर पडला पाहिजे. याच कादंबरीवर पॉल व्हर्होवन यांनी १९९७ मध्ये सिनेमा काढला तेव्हा यांत्रिक चिलखत गाळून टाकलं. सिनेमातल्या पोरांच्या अंगावर छातीपुरतं कवच आणि शिरस्त्राण, आणि ती शेकड्यांनी मरतात. राज्यकर्त्यांच्या लेखी त्या पोरांची किंमत किती, हे त्या उघड्या हातापायांवरून कळतं.

'स्टार वॉर्स'मधल्या पांढऱ्या शिपायांचं कवच वेगळ्याच कामाचं. १९७७ च्या त्या सिनेमात ते कोणाला वाचवताना दिसत नाही, एक झटका बसला की शिपाई आडवा. पण ते चेहरा झाकतं, आणि चेहरा नसलेला माणूस मेला तर प्रेक्षकाला हळहळ वाटत नाही. ते खरंतर गरम करून साच्यावर ओढलेलं पातळ प्लास्टिक होतं. पुढे त्या शिरस्त्राणाच्या प्रती विकण्यावरून वाद पेटला आणि २०११ मध्ये तो ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयात पोचला. शिरस्त्राण हे शिल्प आहे की कामाची वस्तू, असा प्रश्न होता. न्यायालयाने ते शिल्प मानलं नाही. सिनेमाच्या निर्मितीत उपयोगी पडलेली ती वस्तू ठरली. कल्पनेतल्या चिलखतालाही काम असतं, हे असं न्यायालयात ठरलं.

उकाड्याचा प्रश्न मनावर घेणारे लेखक थोडे. जो हॉल्डमन स्वतः व्हिएतनाममध्ये लढले, जखमी झाले आणि परत आल्यावर 'द फॉरएव्हर वॉर' लिहिली. ती १९७४ ची. तिच्यात सैनिकांना आपल्याच चिलखताची भीती वाटते. आतली उष्णता बाहेर टाकणारी पाती पाठीवर आहेत, आणि ती गोठलेल्या जमिनीला टेकली तर स्फोट होतो. शत्रू दिसायच्या आधी, सरावातच माणसं जातात. ज्याने जड बूट घालून पावसाळी जंगलात दिवस काढले, त्यालाच उष्णता कुठून बाहेर जाणार हा प्रश्न पडतो, असं मला वाटतं. फ्रँक हर्बर्ट यांच्या १९६५ च्या 'ड्यून'मध्ये तर वाळवंटातल्या लढवय्यांचा मुख्य पोशाख गोळी अडवण्यासाठी नाहीच. तो घाम आणि श्वासातली वाफ गोळा करतो, गाळतो आणि प्यायला परत देतो. चालताना टाचेच्या दाबावर त्याचे पंप चालतात. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिलेल्या माणसाला हा पोशाख दुसऱ्या कोणत्याही चिलखतापेक्षा लवकर समजतो.

कथेबाहेर याची परीक्षा झाली ती ५ जून १९६६ रोजी. जेमिनी ९ यानातून युजीन सर्नन अवकाशात बाहेर पडले आणि दोन तासांहून थोडा अधिक वेळ बाहेर राहिले. त्यांचा पोशाख आत खेळवलेल्या वायूने थंड होत असे. कष्ट वाढले तसा तो पुरेना. काच आतून धुरकटली, समोरचं दिसेना, शेवटी नाकाने काच पुसून त्यांनी पाहण्यापुरती जागा केली. तोवर अवकाशात माणूस मरेल तो हवेअभावी, अशी भीती होती. इथे हवा होती, घामच जीवावर उठला होता. त्यानंतर चंद्रावर गेलेल्यांच्या अंगाला लागून बारीक नळ्यांचा अंतर्वस्त्रासारखा कपडा आला. नळ्यांतून गार पाणी फिरे. वरचे सगळे थर या एका थरावर अवलंबून होते. अमेरिकेच्या विशेष सैन्यदलांनी २०१३ मध्ये यांत्रिक चिलखताचा मोठा प्रकल्प जाहीर केला, लोकांनी त्याला 'आयर्न मॅन'चा सूट म्हटलं. २०१९ पर्यंत पूर्ण सूट होणार नाही हे मान्य करून तो आवरता घेतला गेला. एवढा पैसा ओतूनही वहीतल्या सैनिकाचा 'एसी' अजून कुणाला जमलेला नाही.

आपल्याकडे चिलखत म्हटलं की प्रतापगड आठवतो. १० नोव्हेंबर १६५९. महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं, जिरेटोपाखाली लोखंडी टोप होता, असं बखरी सांगतात. मला त्यातलं लपवणं महत्त्वाचं वाटतं. परदेशी विज्ञानकथेतलं चिलखत समोरच्याला धाक घालतं. हे चिलखत दिसलं असतं तर भेटच झाली नसती. शिवाय ते त्या भेटीपुरतं होतं. कडीत कडी गुंफलेल्या जाळीतून वारा तरी जातो. तेच अंगावर घेऊन सह्याद्रीचे चढ रोज चढणं अशक्य. म्हणून मावळ्याच्या अंगावर फारसं काही नसे, त्याचं कवच त्याचा वेग आणि डोंगराची ओळख. आणि कर्ण? जन्मतः अंगावर आलेलं कवच म्हणजे कातडीच. तिला घाम येतो, ती जड होत नाही, काढावी लागत नाही. विज्ञानकथेतला प्रत्येक चिलखतकार शेवटी त्याच ठिकाणी पोचू पाहतो.

मराठी विज्ञानकथेत मात्र मला असा चिलखतधारी शिपाई क्वचितच भेटला. जयंत नारळीकरांनी नारायण विनायक जगताप हे नाव घेऊन मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला १९७४ मध्ये कथा पाठवली, आणि तिथून मराठी विज्ञानकथेला जी चाल मिळाली ती प्राध्यापकाची, संशोधकाची. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या त्यांच्या कथेत युद्ध आहे, पण तिथे विश्वासरावांना चिलखत वाचवत नाही. गोळी चाटून जाते आणि सगळा इतिहास दुसऱ्या वाटेला लागतो. मला ती कथा अतिशय आवडते. तरीही वाटतं की शरीराला लागणारा उकाडा, वजन, तहान हा विषय आपल्या विज्ञानकथेने अजून हातात घेतलेला नाही, आणि तो हातात घ्यायला वाशीमइतकी चांगली जागा शोधून सापडायची नाही.

कारण चिलखताची गरज असलेला माणूस इथे रोज वावरात उतरतो. २०१७ च्या खरिपात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात दाखल झाले, कित्येकांना दिसेनासं झालं. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, हवा कोंडलेली, फवारा अंगावरच परत येणारा. आपण या द्रवाला 'औषध' म्हणतो. ते नाकातोंडातून जातं तसंच कातडीतूनही जातं, आणि घामाने भिजलेल्या कातडीतून अधिक सहज जातं. त्यानंतर किट वाटली गेली. खुंटीवरचं आमचं किट त्यांपैकीच.

ते वापरत का नाही, हे मी आमच्या वावरात फवारणीला येणाऱ्या काकांना विचारलं. धुऱ्यावर बसून ते नोझल पुसत होते. पाठीवरच्या पंपात १६ लिटर द्रावण, म्हणजे भरल्यावर पंपाचं वजन धरून १६ किलोच्या वर. अंगात जुना सदरा, डोक्याला आणि तोंडाला दुपट्टा, पाय उघडे. "भाऊ," ते म्हणाले, "हे घातलं का चवथ्या तासाले जीव कोंडते. काढलं तं औषध लागते, घातलं तं घाम मारते. काय करू?" आमच्याकडे पिकाच्या ओळीला तास म्हणतात. नुकती सर येऊन गेलेली, वरून ऊन, खाली ओली काळी जमीन. मी स्वतः ते किट घालून बांधावर उभा राहिलो, पंप न घेता, काम न करता. दहा मिनिटांत चष्म्याची काच आतून धुरकटली. सर्नन यांच्याबद्दल मी पुस्तकांतून वाचलं होतं, ते मला त्या बांधावर कळलं.

अंतराळवीर आणि काका, दोघांच्याही पाठीवर ओझं आहे. एकाच्या पाठीवर त्याचा श्वास आणि गारवा आहे, दुसऱ्याच्या पाठीवर विष. हा फरक शास्त्राच्या मर्यादेमुळे पडलेला नाही, असं मी ठामपणे म्हणेन. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने पोलिसांसाठी आणि जवानांसाठी 'भाभा कवच' तयार केलं. त्यात बोरॉन कार्बाइड हे हिऱ्याच्या खालोखाल कठीण अशांपैकी सिरॅमिक वापरलं, ते पूर्वीच्या जाकिटांपेक्षा हलकं ठेवण्याचा कसून प्रयत्न केला. जवानाला जड कवच घालून चढण चढायची आहे हे कुणीतरी मनावर घेतलं. फवारणाऱ्याचं किट मात्र टेबलावर बसून ठरवल्यासारखं आहे. अंग झाकलं की काम झालं, असा त्यामागचा हिशेब दिसतो.

म्हणून डिसेंबर २०२४ मध्ये 'किसान कवच'ची बातमी वाचली तेव्हा मी ती दोनदा वाचली. बेंगळुरूच्या 'इनस्टेम' संस्थेतल्या संशोधकांनी सेपिओ हेल्थ या कंपनीसोबत केलेला हा पोशाख विषाला नुसता अडवत नाही. कापडाच्या धाग्यालाच असा रासायनिक गट जोडलेला आहे की ऑर्गनोफॉस्फेट वर्गातलं कीटकनाशक त्यावर पडलं की त्याचे तुकडे होतात आणि ते निकामी होतं. विषबाधा झालेल्याला दवाखान्यात ॲट्रोपिनच्या जोडीने ऑक्झिम वर्गातलं औषध देतात, त्याच जातीचा हा गट. दवाखान्यातला उतारा सदऱ्यात विणून ठेवावा तसं. आणि हे कापड सुती आहे. सुती असल्यामुळे भिंत उभी करायची गरज नाही, वारा आत-बाहेर जाऊ शकतो, घाम उडू शकतो. माझ्या दृष्टीने हाइनलाइनच्या पोलादी सूटपेक्षा ही मोठी झेप आहे. ती कापसाच्याच धाग्यावर घेतलेली आहे, याचा वऱ्हाडातल्या माणसाला आनंद होणं साहजिक आहे. हा पोशाख पुन्हापुन्हा धुऊन वापरता येतो. किंमत ४,००० रुपयांच्या आसपास सांगितली गेली. आमच्याकडच्या रोजाने ती आठ-दहा दिवसांची मजुरी होते. ती मजुराने एकट्याने उचलायची नाही. ज्याच्या वावरात फवारणी होते त्याने, म्हणजे आमच्यासारख्यांनी, आणि सरकारने उचलायची.

काकांना मी हे सगळं सांगितलं, जमेल तसं. ते ऐकत होते. माझं झाल्यावर त्यांनी किंमत विचारली नाही. आधी विचारलं, "धुता येते का?" मी हो म्हणालो. मग ते पाठमोरे झाले आणि सदरा वर केला. कमरेच्या वर, उजव्या बाजूला, तळहाताएवढा पट्टा लालसर आणि कोरडा झालेला होता. "पंपाचं झाकण इथं गळते," ते म्हणाले. "समोरून कितीबी झाका. कापड दुहेरी कराचं असंन तं त्याईले सांगा, इथं कराले लावा."