कॅन्सर लागट आहे का?



घरात कुणाला कॅन्सर झाल्याचे कळले की पहिल्या काही दिवसांत एक प्रश्न हळू आवाजात विचारला जातो : "हा रोग लागट आहे का?" बारामतीत काय आणि इंदापुरात काय, शिकलेल्या घरात काय आणि ऊसतोड कामगाराच्या खोपीत काय, प्रश्न तोच. मग कुणी न बोलता आजाऱ्याचे ताट-तांब्या वेगळे काढते, अंथरूण पडवीत जाते, "आजीजवळ फार बसू नका" असे नातवंडांना बजावले जाते. यात दुष्टपणा नसतो, भीती असते. भीतीला आधी खरे उत्तर दिले पाहिजे. नुसत्या उपदेशाने ती जात नाही.

उत्तर सरळ आहे. शिवल्याने, एका ताटात जेवल्याने, उष्टे पाणी प्याल्याने किंवा एका खोलीत झोपल्याने कॅन्सर होत नाही. कॅन्सरची पेशी ही त्या माणसाच्या स्वतःच्याच शरीरातील बिघडलेली पेशी असते. ती दुसऱ्याच्या अंगात गेली तरी तिथली प्रतिकारशक्ती तिला परकी म्हणून ओळखते व नष्ट करते. दान केलेल्या अवयवातून किंवा गरोदर मातेकडून पोटातल्या बाळाला कॅन्सर गेल्याची उदाहरणे आहेत, पण ती अगदी विरळ. कुत्र्यांमध्ये समागमातून लागणारी एक गाठ असते. माणसांत मात्र असा पसरणारा कॅन्सर नाही. परळच्या टाटा रुग्णालयात १९४१ पासून परिचारिका हजारो रुग्णांची सेवा करीत आल्या आहेत. अशा सेवेतून कुणाला कॅन्सरची लागण होत नाही.

पण अर्धे सत्य सांगून धीर देऊ नये. कॅन्सर लागत नसला तरी काही कॅन्सरच्या मुळाशी असलेले विषाणू लागतात. यकृताच्या कॅन्सरमागे हिपॅटायटिस बी आणि सी, तर गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमागे एचपीव्ही हा विषाणू असतो. इंदापूरहून टेंभुर्णीमार्गे जिथे आपले अनेक रुग्ण उपचाराला जातात, त्या बार्शीच्या नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालयाने टाटा रुग्णालयाबरोबर शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून एक मोठा अभ्यास केला. त्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १ लाख ३१ हजार खेड्यांतल्या स्त्रिया होत्या. ज्या गटात एचपीव्हीची एकदाच तपासणी झाली, त्या गटात पुढच्या आठ वर्षांत या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्याने कमी झाले. २००९ मध्ये हा निष्कर्ष जगासमोर आला. या विषाणूवर लस आहे. पुण्याच्या सीरम संस्थेनेही ती तयार केली असून २०२३ पासून ती मिळते. लहान वयात, ९ ते १४ वर्षांत, तिचा उपयोग सर्वांत चांगला होतो.

इथे एक सावधगिरी हवी. हा विषाणू इतका सर्वत्र आहे की बहुतेक स्त्री-पुरुषांच्या शरीरात तो कधी ना कधी येतो आणि बहुधा आपोआप जातो. म्हणून आजारी बहिणीच्या किंवा तिच्या नवऱ्याच्या चारित्र्यावर बोट ठेवणे हे अज्ञानही आहे आणि पापही.

आता थोडे थांबून विचार करू. समजा, कॅन्सर खरोखर लागट असता, तर आजाऱ्याला सोडण्याची मोकळीक आपल्याला मिळाली असती का? मोशेच्या नियमशास्त्रात कुष्ठरोग्याने छावणीबाहेर राहावे असे सांगितले होते. त्यामागे समाजाची काळजी होती. पण मार्कच्या शुभवर्तमानात प्रभू येशू त्या माणसाला आधी हात लावतो, मग बरे करतो. नुसत्या शब्दानेही तो बरा झाला असता. वर्षानुवर्षे कुणी न शिवलेल्या माणसाला त्या स्पर्शाची गरज होती. संत डेमियन १८७३ मध्ये मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांत राहायला गेले, त्यांना तो रोग जडला आणि १८८९ मध्ये त्यांचे निधन झाले. २००९ मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून घोषित केले.

प्रत्येकाने डेमियन व्हावे असे कुणी म्हणणार नाही. लहान लेकरांच्या आईने क्षयरोग्याजवळ जाताना तोंडाला मास्क लावला तर तो तिचा धर्मच आहे. पण काळजी वेगळी आणि दुरावा वेगळा. जवळ कसे जावे, हे काळजी विचारते. जाणे टळेल का, हे दुरावा विचारतो. "लागट आहे का?" हा प्रश्न यांतल्या कोणत्या मनाने विचारला, हे ज्याने त्याने देवापुढे तपासावे.

खरी काळजी कुठे घ्यायची तेही पाहू. केमोथेरपी चालू असता रुग्णाची प्रतिकारशक्ती घटते. तेव्हा आपल्यापासून त्याला धोका असतो, त्याच्यापासून आपल्याला नव्हे. सर्दी-ताप असेल तर भेट पुढे ढकलावी, एरवी हात धुऊन खुशाल जवळ बसावे. औषध दिल्यावर दोन दिवस रुग्णाचे मलमूत्र साफ करताना हातमोजे घालावेत. आणि जे खरोखर एका हातातून दुसऱ्या हातात जाते, त्याकडे पाहावे : मिश्रीची डबी आणि तंबाखूची पुडी. आजीची मिश्री सुनेकडे, सुनेची नातीकडे जाते. तंबाखूची पुडी आणायला आपण शाळकरी पोराला दुकानात पाठवतो. तोंडाचा कॅन्सर आपल्याकडे घरोघर पोहोचतो तो या वाटेने. आजीच्या ताटाची आपल्याला धास्ती वाटते, तिच्या डबीची वाटत नाही, हे उलटे झाले आहे.

या आठवड्यात आपल्या वस्तीत कुणी कॅन्सरने अंथरुणावर असेल तर त्यांच्याकडे जा. लांबून हात जोडून परतू नका. त्यांच्या कपातला चहा घ्या, हात हातात धरा, एक माळ सोबत म्हणा. मुलांनाही न्या. कॅन्सरच्या माणसाला शिवता येते, हे त्यांना घरातच कळू द्या.