तडा आहे, असे धरून

८ मे १८४२. राजाच्या सन्मानार्थ झालेला उत्सव पाहून लोक रेल्वेने व्हर्सायहून पॅरिसला परतत होते. म्यूदोंजवळ इंजिनाचा आस मोडला, मागचे डबे एकमेकांवर चढले आणि आग लागली. डब्यांची दारे कुलूपबंद होती. पन्नासहून अधिक माणसे गेली.

असे आस तेव्हा ठिकठिकाणी मोडत, आणि तेही नेहमीचेच ओझे वाहताना. हादऱ्यांनी लोखंडाचा पोत आतून बदलतो, ते ठिसूळ होते, असे बरेच जाणकार सांगत. दुसऱ्याच वर्षी विल्यम रँकिन या विशीतल्या स्कॉटिश अभियंत्याने निराळे कारण मांडले. आसाची जाडी जिथे एकदम बदलते, त्या कोपऱ्यात बारीक चीर पडते आणि हळूहळू आत सरकत जाते. उरलेले लोखंड धडधाकटच असते, पण ते उरते थोडे. मग प्रशियाच्या रेल्वेतील आउगुस्ट व्होलर यांनी वर्षानुवर्षे आस यंत्रावर फिरवून दाखवून दिले, की एकदा सहज पेललेल्या भाराहून बराच कमी भारही लाखो वेळा आला, तर धातू मोडतो. पोलादाला निदान एक मर्यादा असते. तिच्याखालचा ताण ते जवळजवळ कितीही वेळा सोसते. विमानांसाठी वापरतात त्या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूंना अशी स्पष्ट मर्यादा नाही.

धातू असा का मोडतो, या शास्त्रातला मला सर्वांत मोठा वाटणारा टप्पा त्यानंतर शंभर वर्षांनी आला. १९६९ साली अमेरिकेचे एफ-१११ हे लढाऊ विमान कोसळले. पंखाच्या सांध्यातला दोष घडणीच्या वेळेपासूनच तिथे होता आणि तपासण्यांतून निसटला होता. त्यानंतर अमेरिकी हवाई दलाने हिशेबाची सुरुवातच बदलली. नव्या कोऱ्या भागातही तडा आहे, असे धरायचे. तो नजरेस पडेल एवढा झाल्यापासून घातक ठरेपर्यंत किती उड्डाणे होतील, ते काढायचे आणि तेवढ्या अवधीत निदान दोन तपासण्या बसवायच्या. एकीत सुटला तर दुसरीत सापडावा. धातूत दोष असणार आणि तपासणारा माणूसही कधी चुकणार, या दोन्ही गोष्टी गणितात आधीच धरलेल्या. इतका प्रामाणिक हिशेब आपण फार थोड्या ठिकाणी मांडतो.

पण आकडेमोड अवधी सांगते. बघायचे माणसालाच असते. २८ एप्रिल १९८८ रोजी हवाई बेटांवर अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग ७३७ विमानाचे पुढच्या भागातले छप्पर उडत्या विमानावरून उखडून गेले. एक हवाई सेविका बाहेर फेकली गेली. बाकी सारे बचावले, हे वैमानिकांचे कौशल्य. त्या विमानाची ८९,६८० उड्डाणे झाली होती. प्रत्येक उड्डाणात आतल्या दाबाने त्याचे कवच फुगायचे आणि उतरताना पुन्हा बसायचे, शिवाय समुद्राची खारट हवा होतीच. रिव्हेटच्या छिद्राछिद्रांपाशी चिरा पडल्या आणि शेवटी एकमेकींना मिळाल्या. अशा रिव्हेटच्या लांबच लांब रांगा तंत्रज्ञांना रात्रीच्या वेळी एकेक करून न्याहाळाव्या लागत. अशा कामात कोणाचे लक्ष ढळणार नाही?

चौकशी अहवालातली एक नोंद मनातून जात नाही. विमानात चढताना एका प्रवाशाला दाराजवळच्या पत्र्यावर लांबट चीर दिसली होती. त्या व्यक्तीने ते कोणालाच सांगितले नाही. मी दोष देऊ शकत नाही. एवढे मोठे विमान, एवढी जाणती माणसे. त्यांनी पाहिलेच असेल, असे कोणालाही वाटेल. आपणही रोजच्या पुलावरची भेग पाहून असेच पुढे जातो.

म्हणून आपल्या रेल्वेतला रूळ तपासणारा कीमन मला या संशोधनाचाच एक भाग वाटतो. थंडीत रूळ आखडू पाहतो, जोडलेला असल्याने आखडू शकत नाही, ताणला जातो आणि जुनी चीर उघडते. खांद्यावर अवजारे घेऊन हा माणूस आपल्या हद्दीतला रूळ रोज चालत पाहतो. तुटलेला रूळ दिसला, की लाल झेंडा दाखवून गाडी थांबवतो. त्यासाठी त्याला कोणा साहेबाच्या परवानगीची वाट पाहावी लागत नाही.