कैली आणि वजनी

जुन्या दप्तरांत धान्याच्या आकड्यापुढे ‘कैली’ किंवा ‘वजनी’ असा शब्द लिहिलेला असे. कैली म्हणजे मापाने भरलेले आणि वजनी म्हणजे तराजूत तोललेले. हा शब्द गाळला असता तर त्या आकड्यावरून काहीच बोध झाला नसता. कारण ऐंशी तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा, वजनी शेर गव्हाचा घ्या की पोह्यांचा, तेवढाच राही, पण मापी शेरात गहू भरले की एक वजन होई आणि पोहे भरले की अगदीच निराळे. १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान वजने प्रचारात येऊ लागली आणि शेर-पायली बाजारातून हळूहळू मागे पडली. स्वयंपाकघरात मात्र कैलीचा अंमल वाटीच्या रूपाने अबाधित राहिला.

गेल्या भाद्रपदात परदेशी राहणाऱ्या माझ्या भाचीने उकडीच्या मोदकांची कृती मागितली. ‘मावशी, वाटी म्हणजे नेमके किती ग्रॅम गं?’ असे तिने विचारले, तेव्हा ‘वाटी कोणतीही घे, पिठी आणि पाणी समप्रमाणात असले म्हणजे झाले’, एवढेच मी कळवले. तिने काट्यावर दोनशे ग्रॅम पिठी आणि दोनशे ग्रॅम पाणी घेतले. उकड कोरडी झाली, कितीही मळली तरी मऊ येईना, आणि पारीच्या कळ्या पाडू जाता कडा तडकत गेल्या. यात तिची चूक नव्हती. मी समप्रमाण सांगितले ते कैली होते आणि तिने घेतले ते वजनी; तो जुना शब्द लिहायचा माझ्याकडून राहून गेला होता. २४० मिलिलिटरच्या भांड्यात पाणी २४० ग्रॅम मावते, पण तांदळाची पिठी सुमारे १६०च. म्हणजे वाटीला वाटी हे आमचे प्रमाण तराजूवर चढताच एकास दीड होते.

याचे कारण असे की माप केवळ पदार्थाने भरत नाही, कणाकणांमधल्या पोकळीनेही भरते. गोल दाणे नुसते ओतले तर भांड्याचा सुमारे दोन-पंचमांश भाग हवेचाच असतो. आणि ही पोकळी हात बदलला, चाळण फिरली किंवा वाटी ओट्यावर दोनदा आपटली तरी कमीअधिक होते. माझी आई बेसनाच्या लाडवांसाठी साखर दळण्यापूर्वीच मोजून ठेवी, कारण वाटीभर साखरेची पिठी दीड वाटीहून अधिक भरते, वजन मात्र रतिभरही वाढत नाही. बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांनी १८९६ साली आपल्या पाकग्रंथात कप आणि चमचे काठोकाठ सपाट करून मोजण्याचा आग्रह धरला, तो मापाला शीग राहिली की प्रमाण ढळते म्हणूनच. त्या आग्रहाने शीग नाहीशी झाली. पोकळीचा प्रश्न तसाच राहिला.

तरीही वाटीला अशास्त्रीय ठरवण्यास माझे मन धजत नाही. वाटी परिमाण सांगत नाही, ती पदार्थांमधले नाते सांगते; म्हणूनच लहान घराची लहान वाटी आणि कार्यातले मोठे पातेले यांना एकच कृती लागू पडते. वाटीचे ग्रॅम करताना या नात्याचा निश्चित आकडा होतो, आणि तो प्रत्येक पदार्थासाठी वेगळा काढावा लागतो. पिठीचा गुणक रव्याला चालत नाही आणि रव्याचा साखरेला, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती दिलेले कोष्टक निरुपयोगी होय.

भाचीने आता आपली एक वाटी ठरवली आहे. तीत मावणारा प्रत्येक जिन्नस तिने तीन-तीनदा तोलून वहीत मांडला आहे. पिठीच्या ओळीपुढे तिने एक रकाना मात्र कोरा ठेवला आहे. त्याच्यावर तिने लिहिले आहे : ‘तांदूळ नवा की जुना, मावशीला विचारणे.’