शेवटच्या पन्नास पावलांचा नकाशा

मोबाइल माणसाला औंढ्यापर्यंत व्यवस्थित आणतो. हिंगोलीकडून या, परभणीकडून या, वळण कुठे घ्यायचं ते तो सांगतो. नागनाथाच्या देवळाच्या तटाशी आलं की त्याचं काम संपतं, आणि ज्याला दिसत नाही त्याची अडचण तिथूनच सुरू होते. चपला कुठे काढायच्या, रांग कोणत्या बाजूने सरकते, उंबरा किती उंच आहे, हे डोळसाला कुणी सांगावं लागत नाही. म्हणून ते नकाशात आलेलंच नाही.

फोन आपली जागा उपग्रहांवरून काढतो. सुमारे 20,200 किलोमीटर उंचीवरून निदान चार उपग्रहांचे संदेश यावे लागतात. आभाळ मोकळं असेल तर चूक साधारण 5 मीटरच्या आत राहते. मोटारीला एवढं पुरतं. अंध माणसाच्या बाबतीत मात्र 5 मीटरमध्ये दरवाजा चुकतो आणि पाय गटारात जातो. दगडी भिंतीशी हे क्षीण संदेश भरकटतात, छताखाली लुप्त होतात. नागनाथाचं लिंग तर जमिनीखालच्या गाभाऱ्यात आहे. अरुंद पायऱ्या वाकून उतराव्या लागतात. तिथे उपग्रह काय करणार?

आयआयटी दिल्लीत घडलेली स्मार्टकेन 2014 साली आली. पांढऱ्या काठीला जोडलेलं हे यंत्र 3 मीटरपर्यंतचा अडथळा ओळखून मुठीत कंप देतं. वाकलेली फांदी, उभ्या ट्रकचा मागचा भाग यांपासून ते वाचवतं, पण श्रावणी सोमवारच्या गर्दीत जो तो माणूस अडथळाच ठरणार. आणि अडथळा टळला म्हणजे वाट सापडली असं होत नाही.

वाट सापडते खुणेने. आपण रस्ता सांगतो तो असाच: पाराजवळून आत, मग पिठाची गिरणी. अंध माणसाची खूण हाताला, पायाला, कानाला, नाकाला कळणारी हवी: फरशी संपून दगड लागतो ती जागा, फुलवाल्यांचा वास, घंटेचा आवाज. ती त्या ठिकाणचीच असावी लागते. शंकराच्या देवळात नंदी समोर असतो ही सवय औंढ्यात फसवते, कारण इथे नंदी देवळाच्या मागे आहे. नामदेवांचं कीर्तन ऐकायला देऊळच फिरलं, ही कथा त्यामुळेच सांगतात. अनोळखी अंध भाविकाला ही गोष्ट आधी कळायला हवी, आणि ती कुठल्याही उपग्रहाला ठाऊक नाही.

बौद्धिक अक्षमता किंवा स्मृतिभ्रंश असलेल्या माणसाची गरज निराळी, तरी मुळात हीच. ‘250 मीटरवर डावीकडे वळा’ या एका वाक्यात अंतराचा अंदाज, ते लक्षात ठेवणं आणि डावं-उजवं अशी तीन कामं आहेत. त्याऐवजी पडद्यावर एका वेळी एकच फोटो हवा, कमानीचा किंवा दुकानाचा, आणि शब्द दोनच: ‘इथे वळ’. वाट चुकली तर नकाशाने झटकन नवा मार्ग काढणं आपल्याला सोयीचं वाटतं, या माणसाला ते घाबरवतं. त्याला ‘थांब’ म्हणणारा आणि घरच्यांना फोन लावणारा एक मोठा चौकोन पुरे. माझ्या मते निम्मं तंत्रज्ञान गाळलं तरच ते या माणसाच्या उपयोगाचं होईल.

खुणा भरायच्या कुणी? ओपनस्ट्रीटमॅप हा खुला नकाशा कुणालाही भरता येतो. पायऱ्या किती, कठडा आहे का, पायाला कळणारी फरशी आहे का, या नोंदींची सोय त्यात आधीपासून आहे. मायक्रोसॉफ्टने 2018 साली आणलेलं, कानात दिशेचा आवाज देणारं साउंडस्केप याच नकाशावर चालायचं. कंपनीने ते 2023 साली थांबवलं, पण त्याची संगणकीय संहिता खुली केली. नकाशात भरलेली नोंद मात्र एखादं ॲप बंद पडलं तरी राहते.

औंढ्यातल्या कॉलेजच्या मुलामुलींना हे जमेल. एखाद्या अंध गावकऱ्याला बरोबर घ्यावं, त्याला पुढे चालू द्यावं, तो जिथे थबकेल तिथे नोंद करावी. महाशिवरात्रीला पालं पडली की ओळखीचा रस्ताही बदलतो. तेव्हा तीच वाट त्याच्यासोबत पुन्हा चालावी, आणि गाभाऱ्याच्या पायऱ्या त्यालाच मोजायला सांगाव्यात.